नदीवर नेलेला ट्रॅक्टर

ट्रॅक्टर चालवणारा माणूस म्हणजे अंगावर खाकी कपडे आणि बोलण्यात थोडी मिजास, अशी त्या काळी आमच्या भागात समजूत होती. यमाजीपाशी दोन्ही नव्हते. गुडघ्याच्या वर खोचलेले धोतर आणि खांद्यावर घोंगडीचा तुकडा, असा त्याचा वेष असे. चढण्यापूर्वी तो यंत्राच्या पुढच्या भागावर हळूच तळवा ठेवी. जुंपण्याआधी बैलाच्या वशिंडावर हात ठेवावा, तसा.

शहापूरहून मुरबाडकडे येताना किन्हवली मागे पडली की काळू नदीच्या काठी आमचे गाव लागे. यमाजीची वाडी गावाच्या टोकाला, ओढ्यापलीकडे होती. वाडीत कोणाचीच जमीन नव्हती. माणसे वर्षाच्या बोलीने गावात गडी म्हणून राहत, नाहीतर पावसाळा सरला की वाशिंदच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जात. यमाजीचे बालपण आणि निम्मे तारुण्य दुसऱ्यांच्या बैलांमागे गेले. पुढे कल्याणला, लष्कराच्या जुन्या गाड्या दुरुस्त होत तिथे, हमाली करता करता तो गाडी चालवायला शिकला, आणि बिघाड कुठून शोधायला लागायचे हेही शिकला. १९६३ साली गावच्या सोसायटीने लिलावात एक जुना परदेशी ट्रॅक्टर घेतला, तेव्हा तो हाताळू शकणारा गावात यमाजी एकटाच होता.

एरवी ट्रॅक्टरची मागची चाके ओढतात आणि पुढची नुसती वळतात. या ट्रॅक्टरला मात्र बसण्याच्या जागेजवळ एक आखूड दांडा होता. तो ओढला की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळे. गावातल्या शेतांना त्या दांड्याची गरज नव्हती. गरज होती ती वाडीला. आदल्याच वर्षी सरकारने वाडीतल्या कुटुंबांना नदीच्या वळणातली पाणथळ जमीन लागवडीसाठी दिली होती. तिला लोक बुडीचा तुकडा म्हणत, कारण तिथे बैल पोटापर्यंत रुतत. जमीन सलग काही वर्षे पिकवली तर वाडीच्या नावावर होणार होती; एक हंगाम जरी पडीक राहिली तरी परत जाणार होती.

पहिल्या वर्षी गावाच्या भातशेतांची चिखलणी उरकल्यावर सोसायटीने ट्रॅक्टर वाडीला दिला. यमाजीने दांडा ओढला आणि चारही चाकांनी चिखल कालवत तो बुडीच्या तुकड्याच्या मधोमध गेला. त्या साली वाडीने स्वतःच्या शेतातला भात प्रथमच शिजवला. यमाजीची चुलती सरू हिने ताटातला भात संपवला. मग दुसऱ्यांदा वाढून घेतला.

आमच्याकडे चिखलणीच्या दिवसांत गडी आधी बैलांना नदीवर नेतो, पेंढ्याच्या बोळ्याने घासून काढतो, आणि मगच स्वतः जेवायला बसतो. यमाजीने ट्रॅक्टरलाही तोच नियम लावला. काम सुटले की तो शेतातून थेट नदीच्या उतारावर येई आणि पुढची चाके पूर्ण बुडतील इतक्या पाण्यात ट्रॅक्टर उभा करी. शेजारी गावातल्या लखमाचे बैल डुंबत असत.

"यमाजी, तुझ्या बैलाला शिंगं कधी फुटायची रे?" लखमा विचारी.

"तुझे दोन मिळून जेवढं ओढतात, तेवढं हा बिनशिंगाचा ओढतो."

"पण गोठ्यात शेण नाय पाडत. तुझी बायको गोदी चूल कशावर पेटवील?"

काठावर सोसायटीचे चेअरमन देवराम अण्णा उभे असत. सोसायटीच्या वस्तूला इतके जपणारा माणूस आपण पाहिला नाही, असे ते चार लोकांत म्हणत. यमाजी खाली मान घालून चाकांच्या मधला चिखल बोटांनी काढत राही. स्वतःचा बैल त्याच्या दावणीला कधी नव्हता.

दुसऱ्या वर्षीही गावाची शेते आधी झाली. मग ट्रॅक्टर बुडीच्या तुकड्यात उतरला आणि थोड्याच अंतरावर रुतला. यमाजीने दांडा ओढला. मागची चाके जागच्या जागी फिरून खोल जाऊ लागली. पुढची चाके मेल्यासारखी उभी होती. वाडीतल्या सगळ्यांनी दोर लावून ट्रॅक्टर काठावर ओढून काढला.

यमाजीने घाई केली नाही. दांड्याखालची सळई निसटली असेल म्हणून ती पाहिली. ती जागेवर होती. मग त्याने पुढचा भाग जॅकवर उचलला, मागचे एक चाकही मोकळे फिरेल असे उचलून खाली दगड रचले, इंजिन सुरू करून दांडा ओढला, आणि वाडीतला म्हातारा जाणू याला इंजिनाचा जोर पुढे नेणाऱ्या, पोटाखालच्या शाफ्टाकडे दुरून बघायला सांगितले.

"फिरतोय काय, काका?"

"फिरतोय तर. चांगला गरगर फिरतोय."

"आणि चाकं?"

"चाकं नाय."

म्हणजे जोर पुढच्या आसापर्यंत पोहोचत होता आणि आसाच्या पेटीत शिरून मरत होता. यमाजीने इंजिन बंद करून पेटीचा बूच उघडला. काळे ऑइल यायला हवे होते. आले ते ताकासारखे पांढुरके पाणी, आणि त्याच्याबरोबर लोखंडाचे बारीक कण. आतली दातेरी चाके गंजून झिजली होती, त्यांचे दात उडाले होते. पेटीच्या तोंडाचे रबरी सील जुने होते हे त्याला ठाऊक होते. पण नुसत्या ओल्या चिखलातून आत एवढे पाणी यायला नको होते. त्याने ते कण तळहातावर घेऊन बोटाने घासून पाहिले.

गोदी भाकरी घेऊन आली होती. तिने विचारले, "नदीवर न्यायचास तेव्हा अंग तापलेलं असायचं त्याचं?"

"तापलेलंच. दिवसभर राबलेला असायचा."

"मग तो तांब्याच झाला की."

वाडीत कोणाची बेंबी सरकली तर गोदीला बोलावत. ती पोटावर पेटता दिवा ठेवी आणि त्याच्यावर तांब्या उपडा घाली. दिवा विझून तांब्या निवत जाई, तसे पोटाचे कातडे आत ओढले जाई. यमाजीने हे कित्येकदा पाहिले होते. त्याने ऑइलचा रिकामा डबा घरी नेला, चुलीवर तापवला, झाकण सैल लावले आणि पाण्याच्या हंड्यात बुडवून धरला. बाहेर काढून हलवला तेव्हा आत पाणी खुळखुळत होते. गोदीने झाकण उचलून पाहिले नाही. तिने भाकरीचे टोपले त्याच्यापुढे सरकवले. तो जेवला नाही.

सोसायटीच्या बैठकीत त्याने स्वतःहून सांगितले. "चूक माझी हाय, अण्णा. तापलेला असताना मीच त्याला पाण्यात घातला. निवताना पाणी आत ओढलं त्याने."

"अरे, आम्ही काठावर उभं राहून बघत होतो. तुझी पाठ थोपटली आम्ही. सोड ते," देवराम अण्णा म्हणाले. "आपल्या शेतांना मागची दोन चाकं पुरतात ना?"

"पुरतात."

"मग झालं तर."

दाराशी बसलेला जाणू म्हणाला, "आमच्या तुकड्याचं काय, अण्णा?"

"त्याचे भाग परदेशातून बोटीने यायचे. मी काय पोहत जाऊन आणू?"

माणसे हसली. अण्णा वाईट नव्हते. त्यांच्या हिशेबी ट्रॅक्टर बिघडलेलाच नव्हता.

वाडीने कुदळी घेतल्या. लखमाने, थट्टा न करता, आपले बैलही दिले. ते रुतले आणि त्यांना बाहेर काढण्यात एक दिवस गेला. कडेचा थोडा भाग हाताने कालवून तिथे भाताच्या रोपांची आवणी झाली. मधली जमीन तशीच राहिली. सुगीच्या सुमारास सरकारी साहेब पाहणीला आले, बांधावर उभे राहिले, मधल्या गवताकडे पाहिले. बुडीचा तुकडा परत गेला. दिवाळी झाल्यावर वाडीतली बहुतेक घरे पुन्हा भट्ट्यांकडे निघाली. सरूही गेली. त्या वयात ती जाणार नाही, असे सगळ्यांनी धरले होते.

यमाजीला वाडीत कोणी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, असे तो गोदीला म्हणाला होता. तो पुढेही ट्रॅक्टर चालवत राहिला, पण नदीच्या उतारावर तो कधी नेला नाही. ट्रॅक्टर पुरता निवेपर्यंत बाजूला बसून राही, आणि मग कोरड्या पेंढ्याने अंगावरचा चिखल खरवडून काढी. खाली नदीत गड्यांचे आणि बैलांचे आवाज चाललेले असत.

गोदीकडे पोट दुखणारी माणसे येतच राहिली. ती दिवा पेटवी आणि कोनाड्यातला तांब्या घ्यायला उठे. तेवढ्यात यमाजी घोंगडी उचलून बाहेर पडे आणि तांब्या सुटेपर्यंत ओढ्याच्या काठी बसून राही. आलेल्या माणसाला वाटे, बाईमाणसाच्या कामात नको म्हणून गेला. गोदी त्याला कधी थांब म्हणाली नाही.