नितीनचं घर

शनिवारी सकाळी आमचा गेम बंद झाला. मी सुरतच्या वेसू भागातल्या आमच्या ऑफिसात पोचले तेव्हा सगळे आपापल्या स्क्रीनकडे नुसते बघत बसले होते... सर्व्हर गेलेला.

बंद होणार हे माहीत होतं. पण मालक कंपनी बाहेरची, तिने महिनाअखेरपर्यंत चालू ठेवू म्हणून सांगितलं होतं. मग न कळवताच बटण दाबलं. आमच्या नोकऱ्याही त्याच्याबरोबरच गेल्या.

गेम साधा होता. गाव वसवायचं, आपलं घर बांधायचं, शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन यायचं. त्यातली झाडं, झोपाळे, खिडक्या, कौलं मी काढायचे. माणसं कमी होत गेली तशी खेळणाऱ्यांच्या तक्रारींना उत्तरं देणंही माझ्याकडेच आलं.

लोकांना वाटतं, गेम कंपनीत दिवसभर मजा असते. मी एकच खिडकी पुन्हा पुन्हा काढलेली आहे, कारण मालक कंपनीतल्या कोणालातरी ती 'जरा उदास' वाटली. पाठीचं दुखणं लागलं, डोळ्यांना चष्मा लागला... आणि आता दाखवायला काहीच नाही. सगळं त्या सर्व्हरवर होतं.

पण मला सांगायचंय ते सुनीलभाऊंबद्दल.

सुनीलभाऊ सुरतजवळ चलथाणला राहतात, साखर कारखान्यात काम करतात. त्यांचा धाकटा भाऊ नितीन गेल्या वर्षी इच्छापोरच्या रस्त्यावर अपघातात गेला. नितीन आमचा गेम खेळायचा. तो गेल्यावरही त्याचं गेममधलं घर तसंच उभं होतं, आणि सुनीलभाऊ दर रविवारी आपल्या जुन्या फोनवरून तिथे जायचे.

गेम बंद होणार कळल्यावर त्यांनी मेल केला. घर वाचवता येईल का, एवढंच विचारलं होतं. मी म्हटलं, शनिवारी ऑफिसला या, तुमच्यासमोर त्या घराचा व्हिडिओ काढून देते. आतबाहेर, सगळ्या खोल्या.

सर्व्हर गेलेला दिसला तशी मी त्यांना फोन लावला. लागला नाही. ते बसमध्ये होते.

मी आमचे मॅनेजर जिग्नेशभाई यांच्याकडे धावले. बॅकअप तरी मागून घ्या, एका घराचाच, म्हटलं. त्यांनी मालक कंपनीला फोन केला, बराच वेळ बोलले, मग नकारार्थी मान हलवली. "बेन, हवे आपणा हाथमां कंई नथी." आता आपल्या हातात काही नाही. त्यांचेही डोळे लाल झाले होते.

सुनीलभाऊ आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. माझं आडनाव ऐकलं, खानदेशी वस्तीच्या डिंडोलीची आहे कळलं, आणि मोकळे होत अहिराणीतच बोलले, "ताई, मना भाऊनं घर एकदाव दखाडा ना."

आता दाखवायला घरच उरलं नाही, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं... ते खुर्चीत बसून माझ्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले.

काय करावं सुचेना. शेवटी मी कागद ओढला आणि म्हटलं, "भाऊ, तुम्ही सांगा, मी काढते." झाडं, खिडक्या माझ्याच हातच्या. वाटलं, जमेल.

ते सांगत गेले. दारात निंब. झोपाळा डाव्या हाताला, नाही, जरा पुढे. अंगणात निळा टेम्पो, कारण नितीनला तो घ्यायचा होता. वर एक खोली, तिच्या दारावर नितीनने 'दादा' लिहिलं होतं; त्यानेच एकदा आत नेऊन दाखवलेलं. ते त्यांनी दोनदा सांगितलं.

मग मी विचारलं, "आणि घराच्या मागे?"

 त्यांनी कपाळ चोळलं. "मागे... मी कधी गेलोच नाही हो, ताई. मी अंगणातच थांबायचो. वाटायचं, तो आत आहे."

मला पुढे काढवेना. मागची बाजू कोरीच ठेवली. कोणालाच माहीत नाही तिथे नितीनने काय लावलं होतं. आता कधी कळणारही नाही.

त्यांनी कागदाची जपून गुंडाळी केली. जाताना म्हणाले, "घर नाही आलं, पण निंब आला." मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

संध्याकाळी आम्ही कॉम्प्युटर परत केले. गळ्यातली ओळखपत्रं काढून एका खोक्यात टाकली. 

पुढे काय करणार, माहीत नाही. पुन्हा असं काही बनवावं, ज्याच्या बटणावर दुसऱ्याचंच बोट असेल... मन होत नाही. घरी पप्पांना अजून नीट सांगितलेलं नाही.

सुनीलभाऊ, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचली तर एवढंच... तुम्ही आलात, बरं झालं. मी इतकी वर्षं रिकामी घरं काढतेय असंच वाटायचं. त्यात कोणी राहत होतं, हे तुमच्यामुळे कळलं.