‘थांबा’ म्हणणारं कार्ड

आता जव्हारला जाणं होत नाही, पण ते दिवस मनातून जात नाहीत. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. ठाण्याहून एसटीने यायचं, डेपोसमोर कटिंग मारायचा आणि बॅग खांद्याला लावून एका हापिसाचं नेटवर्क बघायला जायचं. काय मजा होती, राव!

एका खेपेला मात्र माझं डोकं फिरलं. तिथलं नेटवर्क मधेच ठप्प व्हायचं, आणि साहेबांनी परस्पर निकाल लावून टाकला होता: दाभोशाहून जीपने येणारी कंत्राटी ऑपरेटर मुलगी मशीनवर भलतंसलतं काहीतरी करते. "महिनाअखेर तिला बंद करतो," म्हणाले. दिवाळी तोंडावर आलेली. दिवाळी झाली की तिच्या घरची सगळी माणसं वीटभट्टीवर जायची. या नोकरीमुळे ती पहिल्यांदाच मागे राहणार होती.

केबलमधून काय जातंय ते मी लॅपटॉपवर टिपत होतो, पण हाती काही लागेना. मग ट्यूब पेटली. भार झेपेनासा झाला की मशीनमधलं नेटवर्क कार्ड केबलच्या पलीकडच्याला ‘जरा थांबा’ असा छोटा निरोप धाडतं. तो निरोप समोरचं कार्ड स्वतःच गिळून टाकतं, वर येऊच देत नाही. दिसणार काय, कपाळ! मी लॅपटॉपच्या कार्डाची ती सवय सेटिंगमधून मोडली, सगळी मशीनं एकमेकांना जोडणारा स्विच नावाचा डबा मधून बाजूला काढला आणि तिच्या मशीनला सरळ केबल जोडली. मशीन अडकलं मात्र, स्क्रीनवर धो धो ओळी: थांबा, थांबा, थांबा. कार्डच बिघडलं होतं. त्याचं ऐकून स्विच थांबायचा आणि स्विचपाठोपाठ अख्खं हापिस.

साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मशीन तिचंच ना?"

माझी सटकली. केबल परत स्विचला लावली. "साहेब, आता तुम्ही बसा इथं. तिला बसू दे तुमच्या मशीनवर."

साहेब तोऱ्यात बसले. थोडा वेळ चाललं, आणि पुन्हा सगळं ठप्प. सगळ्यांच्या माना साहेबांकडे वळल्या. हसायची हिंमत कोणाची होती म्हणा!

"कार्ड बदला," साहेब पुटपुटले. "आणि तिला राहू दे."

मी मशीन उघडून बसलो होतो, तेव्हा ती जवळ आली. डोळे भरलेले.

"दादा, यंदा आईबा जातील भट्टीवर. मी नाय जात. धाकटीलापण माझ्यापाशी ठेवीन. शाळा नाय सुटायची आता तिची."