हुबळीत आमच्या गाडीत झालेलं बाळंतपण

आईला अळणावरजवळच्या देवीला न्यायचं कधीपासून घाटत होतं. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून व्हॅनची मागची सीट काढून गादी घातली आणि मिरजेहून पहाटे निघालो. बेळगावपर्यंत रस्ता छान. धारवाडजवळ क्लच घसरू लागला, तेव्हा सरळ हुबळी गाठली. गोकुळ रोडला गॅरेजात गाडी टाकून विद्यानगरात भाचीकडे, सुषमाकडे, उतरलो. संध्याकाळी कोप्पीकर रोडवरून गिरमिट आणलं. मसाल्यातले चुरमुरे मऊ होतात, म्हाताऱ्या माणसांनाही चालतात.

सकाळी आई, सुषमा आणि मी रिक्षानं गॅरेजात पोचलो. गॅरेजवाले बसप्पा दारातच म्हणाले, "अण्णा, गाडी इवत्त सिगूदिल्ल. ओळग बाणंती अदाळ." आज गाडी मिळणार नाही, आत बाळंतीण आहे. मला वाटलं, त्यांच्या घरातलं कोणी.

"अरे वा! मुलगा की मुलगी?"

"नाल्कू!" चार! बसप्पांनी हसत व्हॅनकडे बोट केलं. मागचं दार उघडं राहिलं होतं आणि आईच्या गादीवर गॅरेजची कुत्री व्यायली होती.

मी वाकलो तशी ती दात विचकून अंगावर आली. बसप्पांनाही जवळ येऊ देईना.

"रोज तुमच्या हातचं खाते ना?"

"निन्नेपर्यंत, कालपर्यंत खात होती. आज मी कोण, तिला ठाऊक नाही!"

सुषमा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. ती म्हणाली, "मामा, व्यायल्यावर संप्रेरकं मेंदूचं वागणंच बदलतात. पिलांचा वास, त्यांचं दूध ओढणं, यानं ते टिकतं. भीती दबते. एरवी पळणारी उंदरीसुद्धा परक्या नरावर धावून जाते, कारण तो पिलं मारू शकतो. पिलं मोठी झाली की हा राग ओसरतो."

"तोवर आमची देवी?" मी म्हणालो, "पोतं टाकून काढूया."

आई रिक्षातूनच ओरडली, "खबरदार! बाळंतिणीला उठवून मला दर्शन नको."

दुसऱ्या गाडीत तिला पाय पसरता येत नाहीत. मग गाडी तिथंच ठेवून रेल्वेनं परतलो. खालचा बर्थ मिळाला, एवढंच बरं.

घरी आल्यापासून मी विचार करतोय. तो राग रक्तातल्या रसायनांचा, हे पटलं. तरी ते डोळे आठवले की हात जोडावेसे वाटतात. या दोन्हींत भांडण आहे असं मला वाटत नाही.

आईचं दर्शन मात्र राहिलं. पुन्हा इतका प्रवास झेपेल का, ठाऊक नाही. काल ती देव्हाऱ्यापुढं पुटपुटत होती. कान दिला, तर देवीला सांगत होती, "आमची गाडी बाळंत झालीय गं. उशीर होईल."