थोरल्याच्या हातचा फेटा

कडूबाच्या पत्र्याच्या पेटीत तीन चांदीची पदकं होती, पुण्याचं मानपत्र होतं, मुंबईच्या समारंभातली शाल होती. सिनेमातला विनोदी नट, पण मान कमावला म्हणजे काय कमावला! अन् या बाबाला हवा होता एकच मान, थोरल्या भावाच्या हातचा फेटा.

थोरला रामराव चौदा वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. "तोंडाला रंग फासून जगाला दात काढायला लावतो, तो माझा भाऊ न्हाई," असं म्हणाला तो म्हणालाच.

ती पदकं मिळाली एकाच कामाची. सिनेमात कडूबा नवरदेव झाल्ता, अन् ऐन अक्षतांच्या वेळी त्याचा फेटा सुटत जातो. मंठ्याच्या तंबूच्या टॉकीजात तो सिनेमा पंधरवडाभर चालला. लोक हसून हसून बेजार.

सत्तावन्न साली गावानं, म्हणजे पिंपळगाव रेणुकाईनं, देवीच्या जत्रेत त्याचा सत्कार ठरवला. तिथला रिवाज असा, की सत्काराचा फेटा घरच्या वडीलधाऱ्यानं बांधायचा. पंचांनी रामरावाच्या पाया पडून त्याला कसंबसं राजी केलं.

"बिलकुल हालू नका," बायको द्वारकाबाईनं कडूबाला बजावलं.

"दगडावानी बसतो," तो म्हणाला.

अन् बसला की! रामरावाचे हात डोक्याभोवती फिरू लागले. चौदा वर्षांनी! कडूबाचे डोळे वाहायला लागले. लोकांना वाटलं, झालं सुरू.

"सोड फेटा, कडूबा, सोड!"

हुंदका काही आवरेना. मान थरथरली, अन् अर्धा बांधलेला फेटा घसरून खांद्यावर आला. मंडपात हसण्याचा नुसता कल्लोळ.

रामरावाचे हात थांबले. "माझ्या हातचाबी तमाशा केलास?"

"दादा, खरंच रडून राह्यलो मी. देवीची आण!"

लोक आणखीच हसले. आता काय म्हणावं या माणसांना! रामराव मंडपातून निघाला, तो थेट घरी गेला.

पुढं तीन वर्षं कडूबा त्याच्या दारात जाऊन उभा राहायचा. दार उघडलं नाही. साठ साली रामराव वारला, न बोलताच.

त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून वारसाचा मान भावाकडं आला. तेराव्याला सोयऱ्यांनी दुखवट्याचा पांढरा फेटा कडूबाला बांधायला घेतला. कडूबा मान ताठ धरून, श्वास रोखून बसला. जराही हालला नाही. तरी मागं कुणीतरी फिसकन हसलं, अन् मंग सगळेच.