दारापाशी चार्जिंगला लावलेली सायकल

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत संजीवनी देवस्थळीच्या नावावर एकही वाहन नव्हतं. साताऱ्याला कॉलेजात ती चालत गेली, लग्नानंतर शैलेंद्रच्या स्कूटरवर मागे बसली आणि सिंगापूरला आल्यापासूनची अठरा वर्षं बसच्या खिडकीशी घालवली. गणिताच्या शिकवण्या घ्यायची ती, मुलांच्या घरी जाऊन. मरीन परेडच्या घरून निघायचं, एक घर बेडोकला, दुसरं थेट टॅम्पिनीसला, आणि मधे थांब्यावर उभं राहून पाय दुखवून घ्यायचे. शिकवताना मात्र तिची शिस्त कडक. उत्तर बरोबर आलं तरी एक पायरी गाळलेली दिसली की ती वही परत करायची.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी फारच कुरकुर सुरू केली, तेव्हा तिने इलेक्ट्रिक सायकल घ्यायचं ठरवलं. शैलेंद्र हसला. तांजोंग पगारच्या ऑफिसातून रोज दमून येणाऱ्या त्या माणसाला वाटलं, हे चार दिवसांचं खूळ. पण तिने मुलांसारखा अभ्यास करून नियमांची परीक्षा दिली, नंबरप्लेट लावून घेतली आणि एका रविवारी समुद्राकाठच्या सायकलवाटेवरून अशी काही निघाली, की मागे धावणारी लेक ऋग्वेदा सिंगापुरी 'लाह' लावून ओरडली, "ममा, स्लो डाऊन लाह!"

पहिला महिना सुखाचा गेला. नवीन संसार मांडावा तसं तिने सायकलीला एकेक लावलं. पुढे वेताची टोपली, दोन्ही बाजूंना आरसे, बसायला जाड मऊ सीट. बॅटरी घरीच चार्ज व्हायची. जागा एकच होती, बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला आतून लागून, चपलांच्या कपाटाशेजारी. तिथेच प्लग होता. सायकल तिथे उभी केली की बाहेर जाताना अंग चोरून निघावं लागे. पण सगळ्यांनाच सवय झाली.

अडचण एकच होती. टॅम्पिनीसहून परतताना शेवटच्या दोन किलोमीटरांत बॅटरी मान टाकायची. मग ती जड सायकल पायाने रेटत आणायची, त्या उकाड्यात, त्या गुडघ्यांनी. एका मुलाच्या वडिलांनी तिला आह सेंगचा पत्ता दिला. बैठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत हा गृहस्थ सायकली दुरुस्त करायचा. त्याने बॅटरी हातात घेऊन तोलली आणि मान हलवली.

"मॅडम, धिस वन टू स्मॉल. आय गिव्ह यू बिग वन. सेम चार्जर कॅन."

"ही चालते का कायद्याने?" तिने इंग्रजीत विचारलं.

"एव्हरीबडी यूज लाह."

तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे तिला कळलं होतं. तरी तिने पैसे काढून दिले. नवी बॅटरी निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली होती. वर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. जुन्या चार्जरची पिन बसेना, म्हणून आह सेंगने तिथल्या तिथे तारा कापून दुसरी पिन डाग देऊन जोडली. त्या संध्याकाळी टॅम्पिनीसला जाऊन आल्यावरही निम्मी बॅटरी शिल्लक होती. संजीवनी खुशीत होती. त्याच आठवड्यात तिची मैत्रीण विनीता भेटली, तेव्हा तिने आपण होऊन सांगितलं, "अगं, तूही बदलून घे. मी घेऊन जाते तुला."

विनीता तीन इमारती, म्हणजे इथल्या भाषेत तीन ब्लॉक, पलीकडे राहायची. ती गाणं शिकवायला घरोघर जायची आणि संजीवनीचं पाहूनच तिने सायकल घेतली होती. दोघी शनिवारी आह सेंगकडे गेल्या आणि विनीताच्या सायकलीलाही तसलंच निळं धूड बसलं.

तिसऱ्या महिन्यापासून गोष्टी जराशा बिघडू लागल्या. इतक्या जराशा, की प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण देता येत होतं. आधी बॅटरी भरायला सहा तास लागायचे, आता साडेतीन तासांतच हिरवा दिवा लागू लागला. तिला वाटलं, बरंच झालं. पण मग ती लवकर संपूही लागली. चार्जर काढून तास उलटला तरी बॅटरीला हात लावला की ताप आलेल्या मुलाच्या कपाळासारखी गरम लागायची. इथलं हवामानच असं, तिने स्वतःची समजूत घातली. मग एके दिवशी बॅटरी खाचेत नीट बसेना, कडेला बोटभर फुगल्यासारखी वाटली. तिने जोर लावून ढकलली. खट् असा आवाज झाला आणि बसली.

समोरच्या दारातल्या मिसेस तेओ वयस्कर, एकट्या राहणाऱ्या. त्या येता-जाता जाळीतून सायकलीकडे बघायच्या आणि नाक मुरडून काहीतरी बोलायच्या. चिनी भाषेतलं ते संजीवनीला कळत नसे. दारातला पसारा खटकतो म्हणून कुरकुरत असतील, असं तिने धरून चाललं.

बुधवारी दुपारी ती जेवून भांडी विसळत होती. परीक्षा जवळ आल्यामुळे ऋग्वेदा घरीच, आतल्या खोलीत अभ्यासाला बसलेली. स्वयंपाकघरात एक गोडसर, उग्र वास आला.

"ऋगू, परीक्षा तोंडावर आल्यावर नखं रंगवत बसलीयेस?"

"नॉट मी लाह, ममा. आय थॉट यू!"

संजीवनीने हात पुसले. वास कुठून येतोय हे तिला त्याच क्षणी समजलं. ती हॉलमध्ये आली तेव्हा दारापाशी फुस्स असा आवाज येत होता, कुकरची शिटी अडकल्यासारखा. सायकलीखालून पांढरा धूर जमिनीलगत पसरत होता. चार्जरचा दिवा हिरवा होता. तिने प्लगकडे हात नेला, एवढ्यात आत काहीतरी फुटलं. मग एकामागून एक फुटतच गेलं. कपाटाच्या उंचीची ज्वाळा उठली आणि मऊ सीट डांबरासारखी वितळून गळू लागली.

बाहेर पडायचं दार ज्वाळेच्या पलीकडे होतं.

पाणी आणावं, सायकल ढकलून द्यावी, असं दोन-तीनदा तिच्या मनात आलं. पाय मात्र आपोआप मागे फिरले. तिने खोलीत शिरून दार लावलं, ऋग्वेदाचं पांघरूण बाटलीतल्या पाण्याने भिजवून दाराच्या फटीत कोंबलं आणि खिडकी सताड उघडली. फोन करताना तिचा आवाज शांत होता. ब्लॉक, मजला, घरात दोघी, दारात आग. ऋग्वेदाने तिचा दंड घट्ट धरला होता.

"ममा, वी आर गोइंग टू डाय, इज इट?"

"नाही. खिडकीबाहेर तोंड काढ आणि श्वास घे. माझ्याकडे बघू नकोस, बाहेर बघ."

फटीतून काळा धूर आत येत राहिला. पांघरुणाची वरची कड सुकत चालली होती. बाहेर काहीतरी धाडकन कोसळलं. नऊ मिनिटं झाली होती, असं नंतर तिला सांगितलं गेलं. तिला विचाराल तर ती किती होती हे तिला आजही सांगता येत नाही. मग दारावर जड बूट आणि माणसांचे आवाज आले.

खाली उतरवल्यावर नाकाला नळी लावून दोघींना बसवलं. मिसेस तेओंना स्ट्रेचरवरून नेताना तिने पाहिलं. त्यांचं तोंड काजळीने भरलं होतं. दार उघडून मदतीला आल्या होत्या म्हणे, आणि सगळा धूर त्यांनीच गिळला. संजीवनी ते ऐकत होती, आणि एकदम ताडकन उठली.

विनीता.

तिने फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. शिकवणीला बसली की विनीता फोन बंदच ठेवायची. बुधवारची शिकवणी जवळच असल्यामुळे ती चालत जायची, आणि घरी चार्जिंगला लावलेल्या सायकलीपाशी पाय प्लास्टरमध्ये असलेल्या सासूबाई एकट्याच असतील.

"मॅडम, यू सिट डाऊन," रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला.

"माझ्या मैत्रिणीच्या घरी तशीच बॅटरी आहे. कुणाला तरी पाठवा," असं म्हणून तिने नळी काढली, ऋग्वेदाला त्याच्या हवाली केलं आणि अनवाणीच पळत सुटली.

विनीताच्या सासूबाईंनी काठी टेकत दार उघडलं, तेव्हा पुढ्यात काळवंडलेली बाई बघून त्या मागे सरकल्या. त्यांचा पलंग हॉलमध्येच होता. पलंगाच्या उशाशी सायकल आणि भिंतीतून आलेली वायर. दिवा हिरवा. निळ्या प्लास्टिकची कड उकललेली होती आणि तोच गोडसर वास होता, अजून तरी फिकट.

संजीवनीने भिंतीवरचा स्विच बंद केला, बॅटरीला हात लावला नाही.

"काकू, चला. काही घेऊ नका, चष्माही नको. आधी बाहेर चला."

लिफ्ट येईपर्यंत त्या म्हाताऱ्या बाईचं सगळं वजन तिच्या खांद्यावर होतं. त्या ब्लॉकला आग लागली नाही. आलेल्या अधिकाऱ्याने बॅटरी बघितली आणि आपल्या माणसांना दोन पावलं मागे व्हायला सांगितलं.

विनीता संध्याकाळी आली. तिने सासूबाईंना जवळ घेतलं, आणि मग संजीवनीकडे बघून म्हणाली, "तूच नेलं होतंस मला त्याच्याकडे." एवढंच. संजीवनी हो म्हणाली.

चौकशीत तिने काही लपवलं नाही. बॅटरी मंजूर नव्हती हे माहीत होतं का, असं विचारल्यावर शैलेंद्रने तिच्याकडे बघून 'नाही म्हण' अशी मान हलवली. तरी ती म्हणाली, "शंका होती. मी विचारलं नाही नीट." खटला झाला, दंड झाला. पोलीस तिथे पोचेपर्यंत गल्लीतल्या आह सेंगच्या दुकानाचं शटर उतरलेलं होतं. मिसेस तेओ अकरा दिवसांनी घरी आल्या, पण जिना चढताना त्यांना थांबावं लागतं. संजीवनी दर रविवारी त्यांच्यासाठी पेज घेऊन जाते. त्या भांडं घेतात आणि दार लावून घेतात.

घरमालकाने जागा सोडायला सांगितली. नवीन घर बघायला तिघं गेली तेव्हा एजंट खिडकीतून दिसणारा समुद्र दाखवत होता. संजीवनी मात्र कॉरिडॉरमध्येच थांबली. शेजारच्या बंद दाराखालून एक वायर बाहेर आली होती आणि कठड्याशी उभ्या सायकलीपर्यंत गेली होती. सायकलीची बॅटरी काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली होती. तिने वाकून तळवा जवळ नेला. ऊब लागली.

तिने दार वाजवलं. बनियनमधल्या एका तरुणाने ते अर्धवट उघडलं. ती एकेक पायरी न गाळता सांगत गेली. फुगलेली कड, लवकर लागणारा हिरवा दिवा, तो वास. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि हसला.

"आंटी, टू इयर्स ऑलरेडी. नो प्रॉब्लेम लाह."

त्याने दार लावून घेतलं. आतून टीव्हीचा आणि एका लहान बाळाचा आवाज येत होता. ती वायरकडे बघत तिथेच उभी राहिली. मग तिने पुन्हा दार वाजवलं.