देवाला ऐकू जाईल असा पाठ

मी मिशनच्या कॉलेजात बी.एड. करतो, विषय वाणिज्य. त्या दिवशी परीक्षेचा पाठ होता आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत कधी पोचत नसे. म्हणून कळंबहून येताना एसटीत डोळे मिटून पुटपुटत होतो, "भागीदारांनी एकमेकांशी प्रामाणिक राहावे. नफा वाटून घ्यावा, तोटाही वाटून घ्यावा."

शेजारच्या आजींनी माझ्या ओळखपत्रावरचा क्रॉस पाहिला. मांडीवरची कोंबडी बगलेत सरकवून त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"हळू काहून म्हनतं? जोरानं म्हन ना बाप्पा, देवाले आयकू तर जाऊ दे!"

ही प्रार्थना नाही, हे सांगायचा धीर झाला नाही. मी भागीदारीचा सगळा पाठ मोठ्यानं म्हटला. आजींनी कोंबडीची मान हलकेच वाकवली आणि म्हणाल्या, "आमेन."

पार मागच्या सीटवरूनही कुणीतरी म्हटलं, "आमेन."