शुगर आहे तर गूळ कशाला?

"ये कमर में क्या बाँध के रखी है?"

आम्ही पोरी सुरुवातीच्या रेषेवर उभ्या होतो. क्रीडा अधिकारी एकेकीला न्याहाळत आला आणि माझ्यासमोर थांबला.

"गुड़ है सर."

त्यानं पुरचुंडीला हात लावला नाही. मलाच सोडायला लावली. सगळ्यांसमोर.

"किसलिए?"

"सर, मेरे को शुगर है. लंबा दौड़ने पे शुगर गिर जाती है. तब खाना पड़ता है."

तो हसला. बाकीच्या पोरींकडे वळून म्हणाला, "सुनो सुनो! शुगर की मरीज है, और गुड़ खाती है!" पोरी हसल्या. हसायलाच पाहिजे होतं, राज्याच्या संघाची निवड त्याच्या हातात होती. मग तो माझ्याकडे वळला. "और तुम लोगों को शुगर कब से होने लगा? ये तो खाते-पीते घर की बीमारी है."

तुम लोग. मी ऐकलं. नीट ऐकलं.

"फेंक," तो म्हणाला. मी गूळ मातीत टाकला. त्यानं वर बूट ठेवला. "अब दौड़."

हा माणूस मराठी होता. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, पाट्यांवरचा रंग वाळला नव्हता, तेव्हा बाहेरून जे साहेब आले त्यांतला एक. निवड शिबिराच्या पहिल्या दिवशी मी एका पोरीशी मराठीत बोलताना त्यानं ऐकलं. खूश झाला. "अरे वा! मराठी का तू? कुठली गं?" मी म्हणाले, वडील गोंदियाकडचे, रेल्वेत आहेत, आम्ही गुढियारीत राहतो. "छान, छान. आडनाव काय?"

मी आडनाव सांगितलं.

त्यानं हातातल्या यादीकडे बघितलं. मग म्हणाला, "अच्छा. ठीक है. जाओ, लाइन में लगो." त्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द मराठीत बोलला नाही. दुसऱ्या एका मराठी पोरीशी बोलायचा. तिला "बेटा" म्हणायचा. मला वाटलं, मीच जास्त विचार करते. आता वाटत नाही.

तसाही माझा स्वभाव संशयी. शुगरनं तो केला. चौदाव्या वर्षी मला शुगर झाली, ती सुई टोचून घ्यावी लागणारी. घरात फ्रिज नव्हता. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात राहायची. आई फडकं सारखं भिजवायची, उन्हाळ्यात तर दर घडीला. बाबांनी सांगून ठेवलं होतं, "कोनाले सांगू नको. पोट्टीले शुगर आहे म्हनल्यावर कोन पाहीन तुले?" पण धावायला लागले तसं मला ताटाकडे संशयानंच बघावं लागलं. भातावर संशय, तो झपाट्यानं साखर चढवतो आणि तितक्याच झपाट्यानं सोडून जातो. चहावर संशय. सुई किती घ्यायची यावर संशय, कारण लांब धावायचं असलं की नेहमीइतकी घेऊन चालत नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पाय चालतात तेव्हा साखर जळते, जवळ गोड ठेव. बाकीचं मीच शिकले. सकाळी ज्वारीची भाकर आणि भिजवलेले चणे, वाटेत थोडा थोडा गूळ. आणि धावताना सगळा वेळ स्वतःवर पहारा. हा घाम उन्हाचा की साखर उतरल्याचा? हात थरथरतोय की मला भास होतोय?

आता गूळ नव्हता.

सिलतऱ्याच्या रस्त्यावर आम्हाला पाठवलं. कारखान्यांचा काळा धूर, अंगावरून जाणारे ट्रक. बराच वेळ मी पुढे होते. मग ओठ बधिर झाले. अंगाला थंड घाम सुटला. डांबर पायाखाली हलायला लागलं. मला कळत होतं. हेच वाईट असतं, कळत असतं आणि तोंडातून शब्द निघत नाही.

रस्त्याच्या कडेला चहाची टपरी होती. मी तिथवर गेले, कशी ते ठाऊक नाही. साखर म्हणायचं होतं. "सा... सा..." एवढंच निघालं. टपरीवाला ओरडला, "ए, चल हट!" मी त्याच्या साखरेच्या डब्यात हात घातला. मूठ भरली आणि तोंडात कोंबली. त्यानं मनगटावर फटका मारला. मी दुसऱ्या हातानं आणखी घेतली. लाज वगैरे काही नव्हती. जगायचं होतं.

मागून अधिकाऱ्याची जीप आली. मी जमिनीवर बसलेली, तोंडाला साखर, केस चिकटलेले, जीभ अजून जड. जीपमध्ये दोन पोरी होत्या, दमून दौड मध्येच सोडलेल्या. तो खाली उतरला नाही. खिडकीतूनच म्हणाला, "सुबह-सुबह महुआ चढ़ा के आई है. देखो, बोल भी नहीं पा रही."

संध्याकाळपर्यंत सगळ्या शिबिराला माहीत झालं, की मी पिऊन धावले.

माझे बाबा रोज सकाळी पंचशील म्हणतात. दारूला हात लावत नाहीत, लावू देत नाहीत. आमच्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, पिणाऱ्यांना हात धरून विहारात नेणारा माणूस तो. त्यांच्या पोरीला दारुडी ठरवायला त्या माणसाला एक वाक्य पुरलं.

मला शिबिरातून घरी पाठवलं आणि दोन दिवसांनी निरोप आला. शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "साहब बोल रहे हैं, मैदान पे आके सबके सामने बोल दो कि पी थी, गलती हो गई. टीम में रख लेंगे." राज्याचा पहिला संघ. त्यात नाव म्हणजे खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीची आशा. माझ्याइतक्या वेगानं धावणारी दुसरी नव्हती, ते त्यालाही ठाऊक होतं. त्याला मी हवी होते. फक्त वाकलेली हवी होते.

बाबांनी दार लोटून घेतलं. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "म्हनून टाक बाई. एक शब्द त आहे. नोकरी लागन."

मला वाटलं, त्यांनी माझ्या कानशिलात मारली असती तर बरं झालं असतं.

आई चुलीपाशी होती. "काहून म्हनन ते?" ती म्हणाली. "आज पेली म्हनवून घेतीन, उद्या चोरी केली म्हन म्हनतीन. मंग कुठवर म्हनत राहायचं आपन?"

बाबा चप्पल घालून बाहेर पडले. मला त्या रात्री बाबांचा राग आला. त्या माणसाचा त्याहून आला, कारण माझ्या बापाला असं बोलायला त्यानं लावलं होतं.

मी मैदानावर गेले. सगळ्या पोरी रांगेत. तो खुर्चीवर, समोर चहा. "हाँ, बोलो," तो म्हणाला.

माझे पाय कापत होते. घरून निघताना मी भाकर खाल्ली होती, साखर उतरायचं कारण नव्हतं. म्हणजे ही भीतीच होती. मी मराठीत बोलले. मुद्दाम.

"मी प्याले नव्हते. माझी साखर उतरली होती. गूळ तुम्ही फेकायला लावला. तुमच्यामुळे मी रस्त्यावर मेले असते."

"हिंदी में बोलो."

"तुम्हाला समजलं आहे."

तो उठला. चहा सांडला. "निकल यहाँ से! तुम लोगों को सिर पे चढ़ाया तो यही होगा!" ज्या पोरीला तो बेटा म्हणायचा, तिनं मान खाली घातली. कुणी माझ्या बाजूनं बोललं नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

संघ माझ्याशिवाय गेला. नोकरी दुसऱ्या कुणाला लागली असेल. बाबा पुष्कळ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, पण त्या दिवसाबद्दल नाही. आता लोक मला समजावतात. झालं ते झालं, तो माणूस तसा वाईट नाही, त्याला आजाराचं माहीत नव्हतं. मी विचारते, आडनाव तर माहीत होतं ना? मग विषय बदलतात. समजावणारा कोण आहे, त्याला कुणी पाठवलं, हे मी आधी बघते. ही सवय मी मोडणार नाही. तिनंच मला जिवंत ठेवलं आहे.

मी रोज धावते. आणि येत्या निवड चाचणीला त्याच मैदानावर जाणार आहे, यादीत नाव असो नसो. ज्या पोरींसमोर त्यानं मला दारुडी म्हटलं, त्यांच्यासमोर त्यानं म्हणायचं, ही प्यालेली नव्हती, मी खोटं बोललो. माफी मागू नये. मी ती देणार नाही. तो बोलेपर्यंत मी रेषेवरून हटणार नाही, आणि मी उभी आहे तोवर तिथं कुणाची दौड सुरू होणार नाही.